अर्धी बाटली

अमरावती, मंगळवार

आदरणीय भागीरथा आत्याबाईंना धर्मेंद्रचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? कूलरमध्ये पाणी चढतं का? मी बरा आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र अकोटच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. (भावनाताई, आईला वाचून दाखवताना मधे हसायचं नाही.)

माझं संशोधन काय, हे तू विचारलंस तेव्हा मी "तुले नाही समजनार" म्हणालो होतो. तर ऐक. दोन जातींचे साबण पाण्यात मिसळायचे. ऊन वाढलं किंवा पाणी बदललं, की त्यांचे कण आपसूक एकमेकांना धरून शेवयांसारखे लांब होतात, आणि शेवया गुंतल्या की पाण्याची जेली होते. पुस्तकात होते. माझ्या बाटलीत तीन वर्षांत साधं ताकही झालं नव्हतं. त्यात विभागाचं तापवायचं यंत्र बंद पडलं. सर म्हणाले, मे महिना आहे, अकोटकडे आत्या आहे, यंत्र कशाला पाहिजे? म्हणून मी ती अर्धी बाटली तुझ्या छपराच्या तापलेल्या टिनांवर ठेवायला आलो होतो. (मुलगी पाहायला नव्हे, हे शेजारच्या पार्बताबाईंना सांग.)

दोन दिवस तापूनही ते पाणीच राहिलं. निघताना तू पिशवी भरून दिलीस. स्टँडवर बाटली काढतो तर काठोकाठ भरलेली, आणि उलटी केली तरी थेंब पडेना! फोन केला, तर तू म्हणालीस, "आपल्या घरून कोनाचं भांडं अर्धं गेलं नाही बापा, तुही बाटली कावून जाईन? हिरीचं पानी टाकलं." त्यावर मी जे बोललो ते अर्ध्या स्टँडनं ऐकलं. ते सगळं परत घेतो. विहिरीच्या ज्या खाऱ्या पाण्यात तुझी डाळ शिजत नाही, त्यात माझी पीएचडी शिजली. सर खूश आहेत. येत्या सोमवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर तेच पुन्हा करून दाखवायचं आहे.

राग सोड. तब्येतीला जप.

तुझा भाचा,
धर्मेंद्र

ता. क. माफी खरी आहे, पण एक विचारायचं होतं. ताईनं तुझ्या नकळत विहिरीच्या पाण्याची कॅन पाठवली. पाणी कमी पडलं तर जेली होत नाही, जास्त पडलं तर झालेली मोडते. सात बाटल्या वाया गेल्या. तू किती टाकलं होतंस? कपानं की गडव्यानं? "अंदाजानं" असं कळवू नकोस.

ता. क. २. ताईचा आत्ताच फोन आला. तू "अंदाजानं"च म्हणणार आहेस म्हणे. मग रविवारी तूच ये. मी काही मागणार नाही, तोंडही उघडणार नाही. टेबलावर फक्त एक अर्धी बाटली ठेवीन, आणि शेजारी गडवा.