आईच्या आजीचं नाव

१५ जाने. १९८४, रवि.
नागपूरहून काकांनी आमच्या घराण्याचा वंशवृक्ष पाठवला. सात पिढ्या. बाबा आहेत, भाऊ आहे. आई नाही, मी नाही. आईनं चष्मा लावून पाहिला, घडी करून परत दिला. मी विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय गं?
"आजीले काय नाव रायते? आजीच म्हणो आमी."
आईची आई सरस्वती, एवढं माहीत. त्याच्या वर कोरं.

२२ जाने., रवि.
दुर्गला मावशीकडे. आईहून दहा वर्षांनी मोठी, आता खाटेवरून उठत नाही. कानाशी ओरडून विचारलं.
"फिरतीन," म्हणाली. लगेच.
"पण हे तर इकडचं नाव, मावशी."
"इकडचीच होती. छत्तीसगडी. रेल्वेची लाईन टाकून राहिले होते, तवा आजा भंडाऱ्याहून कामाले आला. तिले घेऊनच वापस गेला. मायनं आमाले शपथ घातली, लग्न होयेपर्यंत कोणाले सांगू नका. मंग सांगाचंच राहून गेलं."
गावाचं नाव वहीच्या मागे लिहून घेतलं. आणि आम्ही वीस वर्षं म्हणतोय, नोकरीपायी इथं परमुलखात आलो.

२३ जाने.
आईला सांगितलं. भडकली. "बिमार माणसाचं काय आयकून राहिली?" जेवली नाही.
लहानपणची अंगाकर आठवत बसले. तांदळाच्या पिठाची जाड भाकर, पळसाच्या पानात, निखाऱ्यावर. आई पान सोलायची, भाऊ नि मी करपलेल्या कडेसाठी भांडायचो. वाटायचं, भंडाऱ्याचाच प्रकार. भंडाऱ्याच्या आत्यानं ती कधीच केली नाही, हे तेव्हा...

६ फेब्रु., सोम.
हाफ सी.एल. टाकून दुर्ग, कलेक्टोरेट. रेकॉर्डचा बाबू भला माणूस. जुना नकाशा उलगडून बोट ठेवलं. "ये गाँव तो प्लांट में आ गया, मॅडम. कुछ लोग खुर्सीपार तरफ होंगे."
म्हणजे आमच्या पोलाद कारखान्यात रोज मी ड्यूटीला जाते ती बहुतेक तिच्याच गावावरून.

१२ फेब्रु., रवि.
खुर्सीपार. चार ठिकाणी विचारल्यावर त्या गावचा एक म्हातारा सापडला, किराणा दुकानाच्या ओट्यावर. नाव घेताच सरळ बसला.
"फिरतीन? भंडारावाला संग चल दिस तेन?"
हो, भंडाऱ्याच्या माणसाबरोबर निघून गेली तीच, म्हटलं. हा तिच्या भावाचा नातू. तिला कधी पाहिलं नाही, पण तिच्या आईला पाहिलंय, लहानपणी. "डोकरी रोज रेल लाईन तीर बइठय. कहय, मोर नोनी आही." पोर येईल म्हणून. मरेपर्यंत बसली.
त्या म्हातारीचं नाव? त्याला आठवेना. थोरल्या बहिणीला ठाऊक असेल म्हणे, ती धमध्याकडे असते. आहे की गेली, वर्षभर खबर नाही.

१६ फेब्रु., गुरु.
चार दिवस पोटात ठेवलं. आज आईला सगळं सांगितलं. लाईनजवळ बसणाऱ्या म्हातारीपाशी आले, तशी ती भाजी निवडायची थांबली.
"कोणीच जाऊन सांगितलं नसन का तिले? का पोर सुखात हाये म्हणून?"
दुपारी तिनं पेटी उघडून निळं लुगडं काढलं. "रविवारी धमध्याले जाशीन त मलेबी ने."
मग दारातून वळून, "पण त्याइले काय सांगशीन? कोण आली म्हणून?"
आणि लुगडं उन्हात टाकायला निघून गेली.