नऊ दिवसांचा बर्फ

लायडन, १४ नोव्हेंबर

प्रिय दाउवे,

तुझं पत्र आणि आईने पाठवलेलं लवंगांचं चीज, दोन्ही पोचलं. तिचा गुडघा कसा आहे? माझी सायकल पुन्हा चोरीला गेली. या गावात ते सर्दी-पडशासारखंच. मी बरी आहे. जेवते, झोपते, कामावर जाते.

तू लिहिलंस, "ताई, माझा राग गेला. एवढ्या मोठ्या शोधासाठी राहिलीस, तर राहिलीस. मी गावभर सांगितलंय." ते मी चारदा वाचलं. बरं काहीच वाटलं नाही.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. पोलादी भांड्यातली हवा काढून ताऱ्यांमधल्या पोकळीसारखी थंडी करायची, बर्फाचा पातळ थर धरवायचा, नऊ दिवस त्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडायचा. मग हळूहळू तापवून काय निघतं ते बघायचं. मध्ये भांडं उघडलं की सगळे दिवस पाण्यात. सहाव्या दिवशी तुझा फोन आला, "बाबा तुझं नाव घेतायत, ये." मी म्हणाले, तीन दिवस थांब. बाबा आठव्या दिवशी गेले. नवव्या दिवशी ग्लायसिन निघालं, सजीवांच्या प्रथिनांतला सगळ्यात साधा रेणू. ते मी तुला लगेच कळवलं.

दाउवे, ते त्या बर्फात बनलंच नव्हतं. भांड्यात आम्ही मुद्दाम जड कार्बनचा वायू सोडतो, म्हणजे त्यातून जे बनेल तेही जड भरतं. हे हलकं निघालं. शेजारच्या टेबलावरचा योरिस म्हणाला, "बाई, हा तारा नाही, तुझा अंगठा आहे. हातमोजा कुठे विसरलीस?" बोटाच्या घामातही तेच असतं. हे मला बाबांना पुरायच्या आदल्या दिवशी कळलं होतं. थडग्यापाशी तू माझा हात धरलास, तेव्हाही मी गप्प राहिले.

आणखी एक. भांडं उघडायचं नसतं हे खरं, पण त्याच्यापाशी मीच बसायला हवं असंही नसतं. तुझा फोन आला तेव्हा योरिस म्हणाला होता, "जा गं. दिवा काय, मीही बघीन. तू बापाजवळ जा." घराकडे येणारी लेवार्डनची गाडी दर अर्ध्या तासाला आहे. मी कोट घातला, मग काढून खुंटीला लावला. बाबांची पार काठी झालीय असं तू म्हणाला होतास. ते बघायची मला भीती वाटली. एवढंच होतं.

आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला दिलेली माफी मात्र परत घे. ती तू त्या शोधापायी दिली होतीस.

येऊ शकत असूनही न आलेली,
तुझी हिस्के