गाडी तापल्यावर पाहावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं आहे; डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खरं सांगायचं तर उभं राहून सांगावं. गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून बसून लिहिते.

१. राहतं घर, मागच्या गॅरेजसह, माझ्या थोरल्या मुलाला द्यावं. जिन्याला मी दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला आहे. त्याच्या अधू पायाला तो लागतो, आणि लागतो असं कोणी म्हटलेलं त्याला खपत नाही. म्हणून कठडा माझ्या गुडघ्यांसाठी आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले.

२. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांत सारखी वाटावी. धाकटा "मला नको" म्हणेल. त्याचं ऐकू नये. लहानपणी भूक लागलेली असतानाही तो असंच म्हणायचा.

३. शिलाईचं मशीन सूनबाईला. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते. हात असलेली लाकडी खुर्ची माझ्या दिरांना द्यावी. तिच्यात ऐसपैस बसून ते मला म्हणाले होते, "वहिनी, पोरगं हाताबाहेर गेलंय. आता तरी त्याला पाठीशी घालू नका." खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. तो दुरुस्त करून देऊ नये.

४. आता गाडी. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

ही माझ्या पतींची दोन सीटची, उघड्या टपाची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. लग्नानंतर याच गाडीतून त्यांनी मला पहिल्यांदा समुद्र दाखवला. वाटेत माझा रुमाल उडाला, तर गाडी थांबवून शेतातून धावत जाऊन घेऊन आले. त्या माणसावर माझं फार प्रेम होतं. पुढचं वाचताना हे विसरू नये.

अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं की एक दांडा फिरतो, दोन्ही कार्ब्युरेटर उघडतात आणि इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं. जुना दांडा झिजला, तेव्हा यांनी लेथवर स्वतः नवा बनवला. दोन्ही टोकांच्या कड्या अगदी खेटून बसवल्या आणि मला हाक मारली, "अगं, बघ तरी! कणभर खेळ नाही."

त्याच महिन्यात धाकटा गाडी घेऊन दिवसभर भटकून आला. हॉर्न ऐकून थोरला गेट उघडायला गेला. गाडी थांबली नाही. थोरल्याचा पाय गेटचा खांब आणि बंपर यांच्यात सापडला.

"बाबा, मी पाय उचलला होता," धाकटा रडत सांगत होता. "पेडल वर आलंच नाही. ब्रेक मारला तरी गाडी रेटतच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी सगळ्यांसमोर पेडल दाबून दाखवलं. टक्‌कन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आलं. "यंत्र खोटं बोलत नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, माझा मुलगाही बोलत नाही. पण आईच्या शब्दाला पुरावा कोण मानतं? धाकटा घर सोडून गेला. थोरल्याने त्यानंतर "माझा भाऊ" असे शब्द तोंडातून काढले नाहीत.

यांनीही गाडी पुन्हा रस्त्यावर काढली नाही. दर रविवारी गॅरेजचं दार सताड उघडून इंजिन चालू करायचे आणि तापमानाचा काटा हलायच्या आत बंद करायचे. मला वाटायचं, त्यांना ते सोसत नाही.

हे गेल्यावर रविवारचं काम मी घेतलं. एका रविवारी तो आवाज बंद करवेना. डोळे मिटले की वारा, समुद्र, रुमाल, सगळं परत येत होतं. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग त्यांच्यासारखं एकदा पेडल दाबलं आणि पाय उचलला. पेडल खालीच. इंजिन किंचाळत राहिलं. दोन्ही हातांनी किल्ली फिरवली तेव्हा कुठे थांबलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला, ज्याला सगळे पाना म्हणतात, बोलावून घेतलं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "काकू, गार असताना शंभरदा दाबा, काही होणार नाही. तापलं की इंजिन पसरतं, या कड्या आवळल्या जातात आणि दांडा फिरेनासा होतो. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची राहिलीय. चहा टाका, तुमचा चहा होईतो करून देतो."

"हात लावलास तर याद राख," मी म्हटलं. दुरुस्त झाली की माझ्या लेकाची साक्ष पुसली जाईल.

पाना गेल्यावर मला तो काटा आठवला. इतक्या वर्षांत यांनी गाडी एकदाही तापू दिली नाही. यांना माहीत होतं. याला पुरावा माझ्याकडे नाही. इतकी वर्षं शेजारी निजले, एवढंच.

धाकट्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला तर तेव्हापासून माहीत आहे. तुम्हाला आत्ता कळलं." आणि औषधं घेतलीस का, असं विचारून फोन ठेवला.

थोरला म्हणाला, "जुनी गाडी आहे, आता अडकत असेल. तेव्हा अडकली कशावरून? तू त्याचीच बाजू घेणार."

"एकदा बसून तर बघ, राजा."

"माझा पाय त्या पेडलवर जाणार नाही, आई."

तर गाडी धाकट्याला द्यावी. तो न्यायला येईल असं मी स्वतःला फसवून सांगत नाही.

५. यांची सगळी हत्यारं पानाला. माझा फोटो यांच्या फोटोशेजारी लावू नये. समोरच्या भिंतीवर लावावा. मला त्यांच्याकडे बघत राहायचं आहे.

६. घर देताना थोरल्याला एक अट घालणार होते. वकील म्हणाले, अशी अट टिकणार नाही. टिकूही नये. म्हणून ही विनंती.

बाळा, मी गेल्यावर एकदा गॅरेजचं दार उघड. इंजिन चालू करून काटा मध्यावर येईपर्यंत थांब. घाई करू नकोस. गार गाडी बघूनच आपण सगळे फसलो. मग तुझा चांगला पाय पेडलवर ठेव, दाब आणि उचल. पेडल वर येणार नाही. घाबरू नकोस, गाडी न्यूट्रलला असेल, तू किल्ली फिरव. धाकट्यालाही तेवढाच वेळ मिळाला होता. फक्त त्याच्यासमोर गेट होतं, आणि गेटात तू होतास.

त्यानंतर पानाला बोलावून ती फट ठेवून घे. त्याआधी नाही.

मृत्युपत्र करणारी: सही, स्वहस्ते.

साक्षीदार पहिली: शेजारच्या नर्सबाई. वाचून रडल्या, पण सही सरळ केली.

साक्षीदार दुसरा: पाना. सहीशेजारचा काळा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल.

दिनांक: थोरल्याच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. काल धाकट्याची वाट पाहिली.