सात खुर्च्या आणि माझी पाठ

३ जून
आजपासून नियमित रोजनिशी.
कारखान्यात मिस्त्रींची नवी खुर्ची तपासायला आली. बारा वर्षं तपासनीस आहे. खुर्चीतली खोट माझी पाठ बरोबर पकडते. अकराला दुखली. खुर्ची नापास. रिटायर होण्याआधी स्वतः बेतलेली एक तरी खुर्ची बाजारात गेलेली बघायची, असं मिस्त्रींच्या मनात आहे म्हणे. असेल. माझी पाठ कुणाची भीड ठेवत नाही.

९ जून
दुसरी खुर्ची. पाठीचा टेका दोन बोटं खाली घेतलाय. अकराला तेच. जेवल्यावर मात्र दुखणं गायब. बायको म्हणाली, मग पोटाचंच काहीतरी असेल, दिवसभर ढेकरा चालू असतात. पोट पुढे, पाठ मागे, हे हिला कोण शिकवणार? खरं कारण: जेवणाने पाठ सुस्तावते. यापुढे तपासणी उपाशीपोटी, नुसत्या काळ्या कॉफीवर.

१७ जून
तिसरी, चौथी नापास. उपाशी पाठ भलतीच तल्लख. दुखणं थांबवायची गोळी सुरू केली. रोज एकच.

२४ जून
पाचवी नापास. गोळ्या तीन. मिस्त्री म्हणाले, "साहेब, नक्की कुठं टोचतं ते तरी दाखवा." दाखवलं. त्यांनी तिथला टेका तासला. आज दुखणं चार बोटं वर. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं त्यांना सुनावणार होतो, पण वयाकडे बघून गप्प बसलो.

२ जुलै
सहावी, सातवी नापास. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरून कायमचे निघून गेले. लोकांना टीका सहन होत नाही.

३ जुलै, सकाळी ११
तपासायला खुर्ची नाही. उभाच होतो. पाठ दुखली. रजिस्टरात नोंद केली नाही.

८ जुलै
डॉक्टरबाईंनी दुर्बिणीने पोट तपासलं. आतड्याच्या तोंडाशी अल्सर. जखम तिथे, कळ पाठीत. उपास, कॉफी आणि गोळ्यांनी ती आणखी चिघळली. बायकोने कॉफीचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. तेच जास्त झोंबलं.

२५ जुलै
औषध लागू पडलं. गोदामातून सातही खुर्च्या काढून एकेकीवर बसलो. अकरा वाजून गेले, काही दुखलं नाही. पहिलीच उत्तम होती. फार लाज वाटली. मिस्त्रींना फोन करून सगळं सांगितलं, परत या म्हटलं. हत्यारं भाच्याला देऊन टाकली, म्हणाले. मग विचारलं, "पोट आता बरं आहे ना, साहेब?"
संध्याकाळी रजिस्टरातले सात ‘नापास’ खोडायला बसलो. निघत नाहीत. पक्क्या शाईचा नियम मीच केला होता.