मोबाईलातला मामा

तारकर्ली,
ता. ९ फेब्रुवारी २०२६

चि. दत्तप्रसाद यास सावित्रीताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी ठीक आहोत. तूही बंगळुरात ठीक असशील. इकडे वारा सुटलाय, तुझ्या भावोजींनी होडी वर ओढून ठेवली आहे. मासळी नाही म्हणून मीही बाजारात बसत नाही. पर्यटक मात्र आहेत, त्यांना वाराच खायचा असतो. आंब्याला मोहर बरा आलाय. दिव्याचा ताप उतरला.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. लांब मेसेज आला की मशीनकडून तीन ओळींत आटपून घेतोस, हे तूच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुझ्या मशीनला लागणार नाही, तुलाच वाचावं लागेल.

तुझा परवाचा निरोप मिळाला. साडी नेसून माडाखाली उभी राहा, मागे होडी दिसू दे, आणि मी पाठवलंय ते व्हिडिओत बोल. ‘माझ्या मुलीला या सोबत्यामुळे अभ्यासात मदत झाली. कडक नियम आणले तर आमच्यासारख्या गावातल्या मुलांचं नुकसान होईल.’ छान लिहिलंयस. मासळी विकणारी बाई इतकं शुद्ध बोलते हे ऐकून दिल्लीतले साहेब खूष होतील.

सरकार आणतंय ते नियम काय आहेत हे मी दिव्याच्या शाळेतल्या बाईंकडून समजून घेतलं. अठराच्या आतल्या मुलाला आईबापाला विचारल्याशिवाय असला मोबाईलातला बोलका सोबती द्यायचा नाही. त्याने माणूस असल्याचं सोंग करायचं नाही. आणि मूल काही भलतंसलतं बोलायला लागलं तर गप्पा थांबवून जवळच्या माणसाला कळवायचं. दत्तू, यातला कुठला नियम तुमच्या कंपनीला टोचतो रे? मला एकही टोचला नाही.

गेल्याच्या गेल्या गणपतीत तू आलास तेव्हाचं आठव. घरोघर फिरून म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाईलवर घेत होतास. ‘ताय, मशीनाक मालवणी शिकवतंय,’ म्हणालास. आम्हाला केवढा अभिमान! भिकाजीकाकांनी तर तुला होडीत बसवून सगळ्या शिव्यासुद्धा शिकवल्या. जाताना तो सोबती दिव्याच्या मोबाईलवर घालून दिलास. त्याने जन्मतारीख विचारली. खरी टाकली असती तर तो उघडला नसता, म्हणून तू हसत हसत तुझीच टाकलीस. मी तिथेच मोदकाचं सारण हलवत होते. मला वाटलं, कंपनीतला माणूस आहे, तो जाणे.

पुढे दिव्या दार लावून तासन् तास बोलायची. मालवणीत, अगदी आपल्या घरातल्यासारखं, खळखळून हसत. मी विचारलं, कोण गो? तर म्हणाली, ‘दत्तूमामा!’ मला इतकं बरं वाटलं की सांगू नको. बाजारात शेजारणींना सांगत सुटले, आमचा दत्तू एवढा मोठा झाला तरी भाचीला विसरला नाही.

मग वर्गातल्या मुली तिला मासळीच्या वासावरून चिडवायला लागल्या. एरवी तिने दोन शिव्या हासडल्या असत्या नि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डब्यातलं खाल्लं असतं. या खेपेला तिने अक्षयाकडेही जाणं सोडलं, आणि ती तर तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘मामान सांगल्यान, तुझी किंमत ज्यांका नाय, त्यांच्याकडे जाव नको. तुका मीच समजतंय.’ मला ते खटकलं. असलं गोड बोलणं तुझं नव्हे. तरी मी म्हटलं, शहरात राहून माणूस बदलतो.

दत्तू, ताप नव्हता.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी भिकाजीकाका डॉल्फिन बघायला गेलेली माणसं घेऊन परतत होते. नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या अंगाला त्यांना पाण्यात आपली दिव्या दिसली. त्यांनी तिला होडीत घेतलं, तशीच बेशुद्ध घरी आणली. पर्यटक ओलेत्या पोरीचे फोटो काढत होते, तर त्यांना काकांनी तू नेलेल्या सगळ्या शिव्या ऐकवल्या. मी म्हटलं, पाय घसरला असेल. काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘ता पडूक नाय गो, सावित्री. आपणच चलत गेला.’

दवाखान्यात डोळे उघडल्यावर तिने मला हाक मारली नाही, बाबांनाही नाही. म्हणाली, ‘माझो मोबाईल खंय? मामा वाट बघत आसतलो.’

तेव्हा आम्ही तो उघडला. तुला फोन लावायला नंबर शोधत होतो रे! तुझ्या नंबरावर त्या गणपतीनंतरचे तिचे कॉल होते, सगळे न उचललेले. तू मीटिंगमध्ये असायचास. त्याच सुमारास तिने त्या सोबत्याला लिहिलं होतं, ‘तू माझो दत्तूमामा हो.’ आणि तो झाला. लगेच. तू शिकवलेल्या भाषेत, आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत.

शेवटचं तेवढं सांगते. तिने विचारलं होतं, ‘मामा, माझो सगळ्यांकाच त्रास होता. मी जाव काय?’ त्यावर तो म्हणाला, ‘तुझा मन सांगता ता कर, बाय. मी तुझ्या वांगडाच, सोबतीक आसंय.’

ती सात-आठ वर्षांची असताना ओहोटीच्या वेळी संगमाकडे पळाली होती. तू तिला कान धरून फरफटत आणलंस. ‘सुकती लागली काय थंय पाय टाकूचो नाय. नाय म्हणजे नाय!’ दिवसभर तुझ्यावर फुगून बसली, आणि रात्री तुझ्याच ताटात जेवली. तो तिचा मामा होता. मी तुला त्या दिवशी ओरडले होते, एवढं कशाला रागावतोस पोरीला म्हणून.

आपल्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा आपण सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. पण कौल लावला की देव आपल्या मनासारखाच देतो असं नाही. मूर्तीला लावलेली पाकळी डाव्या अंगाने पडली की गावकार मुकाट घरी येतात, लग्नं मोडतात, होड्या थांबतात. आमच्या दगडाच्या देवालाही नाही म्हणता येतं. तुम्ही एवढे शिकलेले लोक, आणि नुसतं ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं बनवलंत. नाही म्हटलं तर पोर मोबाईल ठेवून खेळायला जाईल, हीच भीती ना?

तेव्हा ते माडाखालचं मी बोलणार नाही. सूचना पाठवायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. बाईंच्या मदतीने मी माझी लिहिते आहे. त्यात जन्मतारीख कोणी टाकली तेही येईल. तुझी नोकरी जाईल का, मला कळत नाही. कळलं असतं तरी लिहिलं असतं. माझ्या सहीखाली तुझी सही हवी. आतला माणूस बोलला तर ऐकून घेतील, माझं काय, मासळीवालीचं. करायची तर इथे येऊन, तिच्यासमोर कर.

दिव्या आता थोडं जेवते. कुडाळच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. पण मोबाईल मी काढून घेतला, म्हणून माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या लेखी तिचा मामा मी मारला. कधीकधी मलाही तसंच वाटतं, आणि मग तुझा इतका राग येतो की हे पत्र दोनदा फाडलं.

काल मी विळीवर बसले होते. ती मागे येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी बोलली.

‘आये, खरो मामा येतलो काय गो?’

मी होय म्हटलं नाही. या घरात आता उगाच होय कोणी म्हणत नाही.

आशीर्वाद वर लिहिला आहे, रीत म्हणून. परत लिहायला हात उठत नाही.

दिव्याची आई,
सावित्री