तीन दशांश मिलिमीटर

२२ एप्रिल २००६, शनिवार
यागडशाइन आलं. शिकारीचा जर्मन परवाना. फोटोत मी चोर दिसते. उमेश म्हणाला, "आता नवऱ्याने जपून बोलायला हवं." हा विनोद तो वर्षभर पुरवणार, माहीत आहे मला.
तीन हिवाळ्यांपूर्वी इंगोलश्टाटच्या बाहेर माझ्या गाडीखाली हरीण आलं होतं. पोलिसांनी ब्रँड्लना बोलावलं. त्या जंगलाची शिकार त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने. म्हातारा आला, एका गोळीत त्याची तडफड संपवली, टोपी काढून उभा राहिला. मी नुसती रडत होते, उपयोग शून्य. तेव्हापासून डोक्यात होतं. आता त्यांनीच त्यांच्या जंगलात वर्षभर शिकारीची परवानगी दिलीय, मला आणि टोनीला. टोनी आमच्या क्रॅश लॅबमधला. कोर्स बरोबरच केला. पास मी पहिल्या फटक्यात, तो दुसऱ्या.

२९ एप्रिल
ब्रँड्लकडे गेलो दोघं, बंदुकीचं विचारायला. मी एक्सेलचा तक्ता करून नेला होता. गोळीचा वेग, शंभर मीटरवरची ऊर्जा, धक्का, सगळं. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. मी विचारलं, "कोल्हा आणि हरीण, दोन्हीला एकच कॅलिबर घ्यायचं तर कुठलं?"
"२४३. हलकी. खांद्याला लागत नाही. बायकांना उत्तम."
बायकांना! बरं. गिळलं.
टोनीला ३०८ सांगितली. माझा चेहरा पाहून म्हणाले, त्याच्या बाजूला रानडुकरं येतात, तुमच्या बाजूला येत नाहीत. २४३ म्हणजे ६.२ मिमी. डुकराला कायद्याने साडेसहाच्या खाली चालत नाही. परीक्षेत हा प्रश्न होता, मी बरोबर सोडवला होता. पण माझ्याकडे डुकरं नाहीत, तर कशाला? तक्त्यातसुद्धा २४३च वर येत होती.
सोमवारी ऑर्डर.

२० मे
रेंजवर. माझ्या तीन गोळ्या, तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशा. टोनीच्या तीन गोळ्या तीन गावांना. ब्रँड्लनी टोनीची पाठ थोपटली, "होईल रे." मला, "श्योन, फ्राउ इंजिनिअर." छान, इंजिनिअरबाई. टोनी त्यांचा डू झालाय, म्हणजे अरे-तुरेतला, दुसऱ्या बिअरलाच. मी अजून झी, अहो-जाहो. नाव मृणाल आहे, दोन अक्षरी नसलं तरी तीनच आहे. जमलं असतं.

१७ जून
पहिला हरणाचा नर. पहाटे साडेपाच, मचाणावरून, सत्तर मीटर. जागच्या जागी पडला. 
ब्रँड्ल आले. ओकची डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास म्हणतात इथे. आपल्याकडचं तुळशीपत्र आठवलं. त्यांनी हात मिळवला, दुसरी डहाळी मला दिली, टोपीत खोचायला. खरं सांगायचं तर इतका आनंद पीएचडीला झाला नव्हता.

८ जुलै
कोल्हा. एक गोळी. २४३ चांगली आहे. शंभर टक्के चांगली आहे. विषय संपला.

९ सप्टेंबर
सासूबाई आल्या पुण्याहून, तीन महिन्यांसाठी. फ्रीजरमधलं हरणाचं मांस पाहून म्हणाल्या, "हे तू मारलंस? आणि दुकानातलं आलं-लसूण लावणार होतीस?" स्वतः वाटण वाटलं, काळा मसाला. आमच्या लेकीने, ईराने, तीनदा घेतलं. "श्मेक्ट वी बाय ओमा," म्हणे, आजीच्या घरची चव. अगं, ओमाच आहे समोर.

१४ ऑक्टोबर
रानडुकरं आलीत. माझ्याच बाजूला! मका नांगरल्यासारखा उलटा केलाय, शेतकरी ब्रँड्लच्या नावाने शंख करतोय. १८ नोव्हेंबरला मोठा हाका: हाकारे डुकरं उठवणार, बंदूकवाले आपापल्या जागी थांबणार.
आज दोघांना पत्रं आली. टोनीचं: जागा क्र. ७, बंदूक आणणे. माझं: हाकाऱ्यांच्या रांगेत. नारिंगी वेस्ट सोबत पाठवली आहे, काठी तिथे मिळेल. दुपारी सूप वाढायला मदत केल्यास आनंद होईल.
सूप वाढायला.
फोन केला. "२४३ने चालत नाही ना, ठाऊक आहे तुम्हाला. गेझेट्स आहे, कायदा."
हो, ठाऊक आहे. माझ्या मक्यात, माझ्या मचाणासमोर, नेम धड नसलेला टोनी बंदूक घेऊन उभा राहणार, आणि मी मागून काठी आपटत हुर्र हुर्र करणार. तीन दशांश मिलिमीटर कमी पडले म्हणून. मी फोन आपटला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

१५ ऑक्टो.
उ. म्हणतो, "दुसरी घे ना मग, एवढं काय?" त्याला वाटतं प्रश्न बंदुकीचा आहे. वर म्हणे, "तसंही डुकरं मारायची हौस कधी होती तुला?" जेवले नाही त्याच्याबरोबर.
सा.बा. भांडी पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या पंगतीत सासूबाईंनी मला मीठ वाढायला दिलं. मला वाटलं, वा, विश्वास टाकला. मग बघते तर जाऊ बासुंदी वाढतेय आणि सगळे तिला हाक मारतायत. मीठ वाढणारीला कोण गं म्हणतं, अजून वाढ?"
मग म्हणाल्या, "तुला मीठ दिलंय त्यांनी. एप्रिलमध्येच दिलंय."
एप्रिलमध्येच! डुकरं कुठून कुठे जातील ते त्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं? चाळीस वर्षं त्या जंगलात? हलकी, खांद्याला लागत नाही. मूर्ख मी. मूर्ख, मूर्ख.

१७ ऑक्टो.
लॅबमध्ये धडकचाचणी. बाईचा डमी लहान चणीचा, नेहमीप्रमाणे बाजूच्या सीटवर. इतकी वर्षं मीच त्याला पट्टा बांधतेय. आज बांधताना इतका संताप आला की टोनी म्हणाला, "काय झालं, डमी काही बोलला का?" त्याला दाखवलं पत्र. खरंच वाईट वाटलं त्याला. "मला तर वाटलं तुलाच हवी होती २४३. तूच तर विचारलीस."
मी कधी विचारली?

२१ ऑक्टोबर
गेले ब्रँड्लकडे. अंगणात लाकडं फोडत होते. विचारलं सरळ. टोनीला ३०८, मला २४३, एकाच टेबलावर, एकाच दिवशी. का?
कुऱ्हाड खाली ठेवली. "तुम्ही कोल्हा आणि हरीण म्हणालात. मी कोल्हा आणि हरणाचं सांगितलं. टोनीने विचारलं, तुम्ही स्वतः काय वापरता."
"आणि डुकरं येणार ते माहीत होतं?"
"डुकरं सगळीकडे येतात, फ्राउ इंजिनिअर."
"मग सांगायचं होतं!"
"या," म्हणाले, जर्मनमधलं हो. नुसतं या. आणि कुऱ्हाड उचलली. ते या म्हणजे हो, चुकलं, की हो, बरोबर, मला पाच वर्षांनी सुद्धा कळणार नाही.
परत येताना गाडीत ओरडले. काचा बंद करून, मराठीत. बरं वाटलं नाही.

२२ ऑक्टो.
झोप नाही. म्हाताऱ्याचा राग येतो, आणि त्यातला निम्मा माझ्याकडे वळतो, हेच सहन होत नाही. कारण मी तशीच विचारते. नोकरीच्या मुलाखतीत, "काय करायला आवडेल?" "जे असेल ते चालेल." चाललं. सहा वर्षं डमीला पट्टे बांधते. घर घेताना, "आम्हाला छोटंच हवं." मिळालं छोटंच. समोरचा काय देईल याचा आधीच अंदाज घ्यायचा आणि तेवढंच मागायचं, म्हणजे नाही ऐकावं लागत नाही. कुणी शिकवलं हे मला? आईने नाही. आई भांडायची.
पण म्हणून तो सुटत नाही. मी कमी मागितलं, त्याने कमी दिलं आणि वर बायकांना उत्तम म्हणाला. दोन्ही खरं आहे. दोघांनाही माफी नाही.

२३ ऑक्टो.
पुन्हा गेले. म्हटलं, "तुम्ही काय वापरता?"
 "सात चौसष्ट." म्हणजे सात मिलिमीटरची.
"त्याने हरीण चालतं?"
"चालतं."
"कोल्हा?"
"कातड्याची वाट लागते. पण चालतं."
आल्झो, असं आहे तर. मग इतका सोपा प्रश्न होता.

४ नोव्हेंबर
सात चौसष्ट घेतली. शस्त्रपरवान्याच्या ऑफिसात नोंद झाली. रेंजवर वीस गोळ्या. खांदा काळानिळा. पण शेवटच्या पाच एका तळहातात. सा.बा.नी हळद-तेल चोळलं, इतक्या जोरात की बंदूक बरी. "आता जागा मागितलीस का?" मागितली. रेंजवरूनच फोन केला: बंदूक आहे, कायद्यात बसते, जागा हवी, माझ्या मक्यासमोरची.
"शाऊ मा मल." बघू म्हणे. बव्हेरियन बघू. पुण्याच्या बघूसारखंच, फक्त थंड. वर आठवण करून दिली की माझी परवानगी मार्चपर्यंतच आहे. ती वाढवायची की नाही हे हाका झाल्यावर ठरवणार. धमकी आहे का? धमकीच आहे.
उ. म्हणाला, "मार्चचं जाऊ दे, तू जागा माग." महिनाभरात पहिलं शहाणं वाक्य.

१८ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
गाडीत बसून लिहितेय. आठला निघायचं. ब्रँड्लच्या अंगणात वीस-बावीस माणसं, टोप्या, कुत्रे, वाफा. धुकं नाही. नवीन यादी आली नाही, फोन आला नाही. मागच्या सीटवर नारिंगी वेस्ट, घडी अजून मोडलेली नाही. डिकीत सात चौसष्ट. सा.बा.नी डबा दिलाय. दारात म्हणाल्या, "सूप वाढायचीच वेळ आली तर वाढ. पण आधी बंदूक दाखव सगळ्यांना." त्यांनी पंगतीत मीठ वाढलं होतं, निमूट. आज त्यांचंही काहीतरी निघतंय माझ्यातून.
राग गेलेला नाही. हात मात्र स्थिर आहेत. बरं आहे.
ब्रँड्ल जागा वाचायला लागलेत. काच खाली केली. चार, पाच. सहा कोणी म्युलर. सात, टोनी. आठ. नऊ. कागद उलटला. मागे काही आहे की कोरा, इथून दिसत नाही. टोनीने माझी गाडी पाहिली, हात केला. ब्रँड्लनी पण मान वर केली आणि थांबले.
वेस्ट मागेच राहू दे. डिकी उघडते.