आकड्यापुढची चांदणी

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं करशील, कारण फोन असताना आपल्या घरात कोणी कोणाला पत्र लिहीत नाही. पण हे मला फोनवर बोलता येत नाही. बाबा समोर बसलेले असतात. आणि नसले तरी हल्ली ते खोलीत आहेत की नाहीत, हे मला मागे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथून लॅबमधून फोन केला, तर अर्ध्यावरच तू रडायला लागशील आणि बाकीचं राहून जाईल. म्हणून लॅबच्या सामानाच्या खोलीत, रक्ताच्या रिकाम्या नळ्यांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय. जेवणाची सुट्टी आहे, दार लावून घेतलंय. काल कच्चं लिहिलं होतं, हे पक्कं. तरी कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, तर नववीत शाळा सोडलेला भाऊ म्हणून सांभाळून घे.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धं मीच सांगितलेलं आहे. आई गेली तेव्हा आम्ही दोघं धुतलेल्या चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती काहीतरी सांगत होती, बहुतेक दुधाचं, आणि माझ्याकडची चादर एकदम जड झाली. एवढंच. हृदयाची नळी बंद झाली, म्हणाले. तिचं रक्त आयुष्यात कधी कोणी तपासलं नव्हतं. मग आपलं तिघांचं तपासलं. तुझं कोलेस्टेरॉल दोनशे ब्याण्णव निघालं, हे आईकडून आलंय म्हणाले, आणि तुला कायमची गोळी लागली. माझं बरं होतं. बाबांचं दोनशे अठ्ठेचाळीस. त्या दिवसापासून मी चादरीची घडी एकट्याने घालतो, जमिनीवर पसरून. बाबांचंही आईसारखं होणार, ही एकच भीती घेऊन मी सकाळी उठायचो.

बाबांना गोळी नको होती. आयुष्यभर लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढलेला माणूस; म्हणाले, एवढीशी गोळी मला काय उचलणार, तीन महिने खाण्यावर काढू. डॉक्टरांनी मान हलवली आणि सांगितलं की मांस आणि लोणी कमी करा, त्याच्या जागी सोयाबीन घ्या, त्यातल्या प्रथिनांनी वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरायला मदत होते. शंभरातलं चार-पाच. मी वहीत लिहून घेतलं. आता वही काढून बघितली तर 'उतरतं' हा शब्द दोनदा अधोरेखित केलाय, आणि 'चार-पाच' लिहिलेलंच नाही.

मग मी कामाला लागलो. रोज पन्नास ग्रॅम सुके सोयाचे तुकडे, म्हणजे प्रथिनं साधारण पंचवीस. काट्यावर मोजायचे, भिजवायचे, पिळायचे, पुन्हा मोजायचे. सकाळी सोयाचं दूध, गाळलेलं. बाबा काट्यावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अरे मोजपट्टी, एक तुकडा जास्त पडला तर मी काय उडून जाणार आहे का?" पण खायचे. ताटात कण ठेवायचे नाहीत. कंटाळा, कुरकुर, काही नाही. पुढे पुढे तर मागून घ्यायला लागले.

आमच्याकडे कामाला असलेल्याच्या घरच्यांची महिन्यातून एक तपासणी करून देतात. मी दर महिन्याला बाबांचं कोलेस्टेरॉलच लावायचो. पहिल्या महिन्यात दोनशे एकोणचाळीस. ते सोयाचं होतं, ताई, आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम आजही तसंच म्हणतात. तू फोनवर आनंदाने ओरडलीस ते आठवतं? दुसऱ्या महिन्यात दोनशे एकवीस. मग एकशे अठ्ठ्याण्णव. मी आखीव कागदावर तक्ता केला, महिने आडवे, आकडे उभे, आणि लाल पेनाने रेघ ओढली. ती रेघ खाली जाताना बघून मला झोप लागायची.

चौथ्या महिन्यात खालची शिवणकाम करणारी बाई जिन्यात भेटली. तीच, जी बाबांची पावलं वाजली की खालून छताला झाडूचा दांडा मारायची. तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "वडील कुठे बाहेरगावी गेलेत का रे? महिना झाला, वर कोणी चालतच नाही." मी म्हटलं, नाही, घरीच आहेत. ती हसली, थट्टा वाटली असेल तिला. मी वर गेलो, दार उघडलं, तर बाबा खोलीत येरझाऱ्या घालत होते. चपला घालून. मी उंबऱ्यावर उभा राहून ऐकत राहिलो. काहीच ऐकू येत नव्हतं.

मी स्वतःला समजावलं की वजन उतरलंय, चांगलंच आहे, डॉक्टर तेच तर म्हणाले होते. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडून दिलं, मग दुसरं. आईची वेताची खुर्ची, जी मांजर बसलं तरी करकरते, ती बाबा बसले की गप्प राहायला लागली. समोरच्या घरातला कुत्रा पंधरा वर्षं बाबांवर भुंकत आलाय. आता ते त्याच्या नाकासमोरून जायचे आणि तो माझ्यावर भुंकायचा. बाबांना गंमत वाटायची. "दोन माणसांचं खातोय आणि अर्ध्या माणसाएवढा दिसतोय," म्हणायचे, "मधला दीड माणूस कुठे जातो, तुझ्या काट्याला विचार."

आता जे सांगतो ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एक पद्धत आहे. एखाद्याचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्यापासून फार लांब गेला, की मशीन त्याच्यापुढे एक चांदणी छापतं. चांदणी दिसली की ती नळी पुन्हा लावायची, आणि मग कागद मॅडमना दाखवायचा. बहुतेक वेळा चूक आमचीच असते, लेबल दुसऱ्याचं लागलेलं, नळी उन्हात राहिलेली. पाचव्या महिन्यात बाबांच्या आकड्यापुढे चांदणी आली. एकशे त्रेपन्न. मी लेबल तपासलं, नाव अक्षर न् अक्षर वाचलं, नळी पुन्हा लावली. एकशे त्रेपन्न. म्हणजे चूक नव्हती. आणि चूक नाही तर मॅडमना काय दाखवायचं, असं वाटून मी 'तपासले' हे बटण दाबलं. ते दाबलं की चांदणी जाते आणि कागद स्वच्छ छापून येतो. तुला पाठवला तो हाच. सहाव्या महिन्यातही तसंच केलं.

त्या महिन्यातली नळी अजून डोळ्यांसमोर आहे. रक्त मशीनमध्ये गरगर फिरवलं की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. चरबी जास्त असलेल्यांचं ते गढूळ असतं, दुधाचा हात लागल्यासारखं. बाबांचं इतकं नितळ होतं की नळीच्या मागे धरलेल्या माझ्या बोटावरच्या रेषा त्यातून दिसत होत्या, मोठ्या होऊन. मी ती खिडकीशी नेली. आत कोणाचं काही आहे असं वाटेचना. आणि मला, ताई, तेव्हा अभिमान वाटला.

सातव्या महिन्यात बाबा रक्त द्यायला आले. आमचं काचेचं दार तुला माहीत आहे, माणूस जवळ आला की आपोआप सरकतं. मी आतून बघत होतो. बाबा दारासमोर येऊन उभे राहिले, आणि दार उघडलं नाही. ते एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले. हात हलवला. काच तशीच. त्यात त्यांचंच तोंड दिसत असणार, कारण त्यांनी केस नीट केले. मग ते नुसते उभे राहिले, बोलावण्याची वाट बघत असल्यासारखे.  दाराच्या डोळ्यावर धूळ बसते, हे मला माहीत आहे, दर सोमवारी मीच तो पुसतो. त्या दिवशी सोमवारच होता आणि तो मी सकाळीच पुसला होता.

शेवटी मागून मॅडम आल्या आणि दार लगेच सरकलं. त्यांनी बाबांना पुढे जाऊ दिलं आणि त्यांच्या मानेकडे, सैल कॉलरकडे बघत राहिल्या. मला विचारलं, "हे कोण?" सात महिन्यांपूर्वी याच बाईंनी बाबांशी अर्धा तास गप्पा मारल्या होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, बाबांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि मला सगळे कागद आणायला सांगितले. मी तक्ता पण नेला, लाल रेघेचा. आकडा त्या दिवशी शहाण्णव आला. मॅडमनी रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सोयाने शंभरातलं चार-पाच जातं रे. हे बाकीचं कुठे गेलं?" मग विचारलं, "चांदणी कोणी काढली?" मी म्हटलं, मी. त्या ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं त्यांनी.

बाबांच्या आतड्यात गाठ आहे. खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं. मी मोजून भरत होतो आणि ते तसंच निघून जात होतं. रक्तात चरबी राहायला माणसाला आधी पोसलं जावं लागतं, हे मला मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. बुधवारी ऑपरेशन आहे. गाठ कशी आहे हे त्यानंतर कळेल. सर्जन म्हणाले, महिनाभर आधी आला असता तर बरं झालं असतं. दोन महिने आधी, असं ते म्हणाले नाहीत, ते मी मोजलं. बाबा मात्र त्यांना विचारत होते की ऑपरेशननंतर लोणी चालेल ना. बाहेर आल्यावर माझ्याकडून कबूल करून घेतलं की निकाल लागेपर्यंत तुला कळवायचं नाही, म्हणाले, ती रडतरडत येईल आणि मलाच तिला हसवावं लागेल. मी हो म्हटलं होतं आणि ते पाळणार होतो.

पण परवा भाऊजींचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाले की मी फोटो काढून पाठवलेला तक्ता तू छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलायस, येईल त्याला दाखवतेस, आणि दोन महिने झाले, तू गोळी बंद केलीस. बाबांचं बघा, नुसत्या सोयाने केवढं उतरलं, असं म्हणतेस. मी लगेच तुला फोन केला, गोळी घे म्हटलं, तर तू हसलीस. म्हणालीस, अरे, तक्ता तुझाच आहे ना? बाबा समोर बसून माझ्याकडे बघत होते आणि मी फोन ठेवला. म्हणून दिलेला शब्द मोडून हे लिहिलं. भाऊजींच्या ऑफिसचा ड्रायव्हर इकडे आलाय, उद्या सकाळी परत तिकडे निघतोय, त्याच्या हातात देतोय, म्हणजे दुपारी तुला मिळेल. ताई, तो आकडा बाबांच्या आजाराचा आहे. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. बाबांच्यात आईचं रक्त नाही, तुझ्यात आहे. सोया खा, रोज खा, चांगलंच आहे, पण गोळीच्या जोडीला, तिच्या जागी नाही. आणि हे मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रक्त काढून घे, आकड्यापुढे काही खूण असली तर कोणालाही ती पुसू देऊ नकोस. मग बुधवारच्या आधी इकडे ये. बाबा माझ्यावर चिडतील, चिडू देत. हे वाचून झालं की तुला रडू येईल, मला माहीत आहे. आधी ऊठ, गोळी घे, वर पाणी पी. मग रड.

तुझाच,
धाकटा